आरसा वहीत नको, परीक्षानळीत हवा

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना दरवर्षी एक वाक्य भेटते : 'परीक्षानळीच्या आतल्या बाजूस चांदीचा चकचकीत आरसा तयार झाला.' तीस वह्या, तीस आरसे. परवा एका मुलाला विचारले, "आरसा पाहिलास?" तो मान खाली घालून म्हणाला, "नाही सर, ताईच्या वहीतून उतरवलंय." चूक त्याची नाही. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून बाटली कुलपात आणि प्रयोग फळ्यावर!

पालकहो, ही काटकसर मला पटत नाही. प्रोपॅनल आणि प्रोपॅनोन या दोहोंत कार्बन तीन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक. फरक एवढाच, की ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन अल्डिहाइडमध्ये साखळीच्या टोकाला असतो आणि त्याला एक हायड्रोजन चिकटलेला असतो. कीटोनमध्ये तो दोन कार्बनांच्या मधे असतो. नावही तेच सांगते. शेवटी 'अल' आले की अल्डिहाइड, 'ओन' आले की कीटोन. टोकाच्या कार्बनचा क्रमांक नेहमी १, म्हणून तो लिहीत नाहीत. पेंटॅनोन मात्र २ की ३ हे सांगावेच लागते. इतके फळ्यावर कळते.

तो एक हायड्रोजन काय किमया करतो, हे मात्र हाताने केल्यावरच कळते. २,४-डीएनपी घातले की दोघेही पिवळा-नारिंगी अवक्षेप देतात. मग टॉलेन्सचे द्रावण घालून नळी गरम पाण्यात धरली, की अल्डिहाइड काचेवर चांदी चढवते. प्रोपॅनोन, म्हणजे आपले नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन, ढिम्म हलत नाही. (लीबिगने अल्डिहाइडची ही करामत १८३५ मध्येच नोंदवली होती, नाव मात्र टॉलेन्सचे झाले.) आणि फ्रुक्टोज? ते कीटोन असूनही आरसा देते, कारण अल्कधर्मी द्रावणात त्याची रचनाच बदलते. असा प्रश्न वही उतरवणाऱ्याला पडणारच नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एका ग्रॅममध्ये पाच टक्क्यांचे २० मिलिलिटर द्रावण होते. दोघांत एक मिलिलिटर दिले, तर तीस मुलांना १५ पुरे. टॉलेन्सचे द्रावण तेवढे ताजे करावे, साठवू नये; साठवल्यास स्फोटाचा धोका असतो. काम झाले की लगेच विरल आम्ल घालून ओतून द्यावे. शिक्षक समोर हवेतच.

स्नेहसंमेलनाच्या मांडवखर्चातून यंदा २५ ग्रॅमची एक बाटली घेऊ या. दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला मी प्रयोगशाळेत आहेच.