क्विकशिफ्टर गिअरबॉक्स खात नाही

क्लच न दाबता गिअर टाकू देणाऱ्या क्विकशिफ्टरवर आपल्याकडे तीन आरोप ठरलेले आहेत. तो गिअरबॉक्स खातो, तो रायडरला आळशी करतो, आणि रेसट्रॅकबाहेर त्याचा काडीचा उपयोग नाही. हे आरोप करणारी माणसं ऐरीगैरी नाहीत. आयुष्यभर इंजिनं उघडलेले मेकॅनिक त्यात आहेत, घाट पालथे घातलेले जुने रायडर आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते यंत्राच्या पोटात शिरून द्यायला हवं.

पहिला आरोप सर्वांत गंभीर. क्लच न दाबता गिअर टाकला की दात झिजणारच, असं म्हटलं जातं. यात धरून चाललेलं असतं की गिअर बदलताना दात दातांत घुसतात आणि क्लच त्यांना वाचवतो. पण मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक जोडीतले गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. बदलतं ते एवढंच, की शाफ्टवर मोकळा फिरणारा कोणता गिअर शाफ्टला जखडायचा. हे काम गिअरच्या अंगावरचे जाड ठोकळे करतात, ज्यांना सगळी गॅरेजं ‘डॉग’ म्हणतात. पायाने लिव्हर उचलला की आतला ड्रम फिरतो, ड्रमच्या खाचेतून फोर्क सरकतो, फोर्क गिअरला ढकलतो आणि त्याचे डॉग शेजारच्या गिअरच्या खोबणीत जाऊन बसतात.

या डॉगच्या कडा किंचित तिरप्या कापलेल्या असतात. इंजिनाचा जोर असेपर्यंत दोन्ही गिअर त्यामुळे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, चालत्या गाडीचा गिअर निसटत नाही. ताणलेल्या दोरीची गाठ सुटत नाही, दोरी क्षणभर ढिली केली की सुटते, इथेही तेच. क्लच दाबला की जोर जातो. क्षणभर रेस सोडली तरी जातो, आणि जुने रायडर क्लचला हात न लावता वरचे गिअर असेच टाकत आले आहेत. त्यांच्या गिअरबॉक्सबद्दल कुणी तक्रार केली नाही. क्विकशिफ्टर तेच काम रेस उघडी ठेवून करतो. शिफ्टच्या दांडीवरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो, स्पार्क किंवा पेट्रोल काही मिलिसेकंद तोडतो, जोर जातो, डॉग सुटतात, पुढचे बसतात, स्पार्क परत येतो.

हा खंड साठ मिलिसेकंदांचा धरू. दहा हजार आरपीएमवर फिरणारा क्रँक तेवढ्यात दहा फेरे घेतो. आपल्याला जे डोळ्यांचं पातं लवायच्या आत झालंसं वाटतं, त्यात गिअरबॉक्सच्या हिशेबात भरपूर अवकाश आहे. पाय पुरा उचलला गेला तर.

सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. एका ओळखीच्या मेकॅनिककडे मी असं एक इंजिन उघडलेलं पाहिलं, ज्याचा दाखला देऊन क्विकशिफ्टरला दोष दिला जात होता. दुसऱ्या गिअरच्या डॉगच्या कडा गोल होऊन चकाकत होत्या, नख फिरवलं तरी धार लागत नव्हती. फोर्कचं एक टोक तापून निळसर पडलेलं. मग बाजूला ठेवलेली शिफ्टची दांडी आम्ही मोजली. सेन्सर बसवताना ती मूळ लांबीपेक्षा चांगलीच लांब झाली होती. लिव्हर खाली उतरला होता, बुटाला त्याच्याखाली पुरता शिरकाव नव्हता आणि प्रत्येक गिअर अर्ध्या उचलीवर पडत होता. त्यात बसवणाऱ्याने खंडाची वेळ शक्य तितकी कमी ठेवलेली, कारण आकडा लहान असला की गाडी ‘फास्ट’ वाटते. सेन्सरला दाब कळत होता, स्पार्क तुटत होता, पण डॉग पुरते बसायच्या आत जोर परत येत होता. कडेवर कड आपटत राहिली. हे नुकसान खरं आहे, मी ते हातात घेऊन पाहिलं आहे. पण ते चुकीच्या लांबीच्या दांडीने आणि हावरट सेटिंगने केलं, आणि याच दोन चुका क्लच दाबून चालवणाऱ्यानेही केल्या असत्या, म्हणजे अर्धा लिव्हर आणि घाईने सोडलेला क्लच, तरी त्या गिअरची हीच गत झाली असती.

बाहेरून बसवलेल्या क्विकशिफ्टरचं भवितव्य तो बसवण्याच्या अर्ध्या तासाच्या कामात ठरतं. जुनी दांडी काढण्याआधी तिच्या दोन टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायचं; सेन्सर धरून नवी दांडी तेवढीच भरली पाहिजे. बहुतेक दांड्यांच्या एका टोकाला उलटे आटे असतात, ते लक्षात न घेता पाना फिरवला की आटे मरतात. सेन्सर ओढीचा आहे की ढकलीचा, हे गाडीच्या लिंकेजवरून ठरतं. रेसवाल्यांसारखा उलटा पॅटर्न, म्हणजे वरच्या गिअरसाठी लिव्हर खाली दाबायचा, असा बदल केला असेल तर हा हिशेबही उलटतो. वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्यायची, लिव्हर पूर्ण हलवून ती कुठे ताणली जात नाही ना ते पाहायचं. कॉइलच्या किंवा इंजेक्टरच्या मूळ कपलरमध्ये बसणारं हार्नेस घ्यायचं. वायर सोलून टेप गुंडाळणाऱ्याकडे गाडी द्यायचीच नाही. आणि या सगळ्याच्या आधी चेनचा सैलपणा आणि मागच्या हबमधले रबर तपासायचे. ढिल्या चेनवर प्रत्येक शिफ्टला जो झटका बसतो, तो रायडर क्विकशिफ्टरच्या नावावर खपवतो.

त्यानंतर सेटिंग. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल लागतो आणि दोन गिअरमधला फरकही मोठा असतो, म्हणून तिथे जास्त वेळ लागतो. पाचव्यातून सहाव्यात तो कमी पुरतो. कमी आरपीएमवर वेळ वाढवावा लागतो. चांगल्या युनिटमध्ये हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. एकच आकडा टाकून गाडी ताब्यात देणारा गॅरेजवाला अर्धंच काम करून पूर्ण पैसे घेतो.

आता आळसाचा आरोप. एके काळी एसटीचे आणि ट्रकचे ड्रायव्हर डबल क्लच मारून गिअर टाकत, कारण त्या गाड्यांना ते लागायचं. नव्या गिअरबॉक्सनी ती गरज संपवली, त्याने कुणी ड्रायव्हर नालायक झाला नाही. मोटरसायकलच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की क्विकशिफ्टर पायाला आळशी होऊ देत नाही. आपल्याकडे कितीतरी रायडर बुटाचा पंजा लिव्हरखाली टेकवूनच गाडी चालवतात. साध्या गाडीत या सवयीने फोर्क हळूहळू झिजतो आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. क्विकशिफ्टर असलेल्या गाडीत खड्ड्यात चाक गेलं, पंजाने लिव्हर किंचित ढकलला, की सेन्सर स्पार्क तोडतो आणि गाडी गचका खाते. चूक त्याच क्षणी पायाला कळते. गिअर टाकायचा तेव्हा एका दमात, लिव्हर थांबेपर्यंत. टाकून झाला की पाय बाजूला. ही शिस्त सगळ्याच मोटरसायकलींना हवी होती, मागितली मात्र कुणी नव्हती.

तिसऱ्या आरोपाला उत्तर देताना मला आधी विकणाऱ्यांचं खोडून काढावं लागेल, कारण हा आरोप त्यांच्याच जाहिरातबाजीतून जन्मला आहे. शोरूममध्ये सांगतात की याने वेळ वाचतो. हिशेब करू. ताशी शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जेमतेम अठ्ठावीस मीटर जाते. क्लचसह गिअर टाकायला पाव सेकंद धरला तर गाडी सात मीटर जाईल, क्विकशिफ्टरच्या साठ मिलिसेकंदांत पावणेदोन मीटरच्या आत. ट्रॅकवर फेरीमागून फेरी असे क्षण जमा होतात, तिथे या फरकावर शर्यत हरली-जिंकली जाते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जाणाऱ्यांनी तो मोजावा. कराड ते कोल्हापूर रस्त्यावर त्या पाच मीटरना कवडीचीही किंमत नाही, आणि असेल असं ज्याला वाटतं त्याने आधी वेग कमी करावा.

रस्त्यावर त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. आंबा घाट चढताना लांब वळणात गाडी झुकलेली आहे आणि आरपीएम वर गेल्यामुळे पुढचा गिअर हवा आहे. क्लच दाबला, रेस सोडली की वजन पुढे येतं, पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, मागचं चाक हलकं होतं. क्लच सोडला की सगळं उलट. झुकलेल्या गाडीला हे दोन धक्के नको असतात. क्विकशिफ्टरने खंड इतका आखूड होतो की सस्पेन्शनला त्याची जेमतेम जाणीव होते, गाडी आपली रेघ सोडत नाही. डावा हात हँडलवर शांत राहतो. उतरताना फायदा आणखी मोठा. अंबेनळीच्या ओल्या उतारावर उजव्या हाताची बोटं ब्रेक लिव्हरवर, त्याच हाताने रेसचा ठोसा, डाव्या हाताने क्लच, डाव्या पायाने गिअर, एवढं एका वळणाआधी करायचं असतं. ठोसा कमी पडला तर मागचं चाक घसटतं. वरच्या-खालच्या दोन्हीकडे चालणाऱ्या क्विकशिफ्टरमध्ये तो ठोसा संगणक देतो आणि बोटं ब्रेक सांभाळतात. सुरक्षिततेचा याहून सरळ मुद्दा मला सुचत नाही.

ही सोय एका पिढीत कुठून कुठे आली तेही पाहा. २००९ मध्ये जगापुढे आलेल्या बीएमडब्ल्यू एस १००० आरआरवर कारखान्याचा क्विकशिफ्टर पर्याय म्हणून मिळायचा, क्लचशिवाय खालचे गिअर टाकण्याची सोय २०१५ च्या मॉडेलवर आली. या लाखालाखांच्या गोष्टी. २०२१ मध्ये आपल्याकडे यामाहाच्या १५५ सीसीच्या आर१५ वर वरच्या गिअरपुरता क्विकशिफ्टर आला. २०२३ मध्ये टीव्हीएसच्या आरटीआर ३१० वर दोन्हीकडचा.

शहरात मात्र त्याचा आग्रह धरू नये. कर्वे रस्त्याच्या सिग्नलमागे सिग्नल घेताना, तीन हजारांच्या आत, क्लचच वापरावा. तिथे क्विकशिफ्टर झटके देतो आणि ते झटके खरेच वाईट असतात. गल्लीत फटाके वाजावेत म्हणून जे स्पार्क तोडणारं युनिट बसवतात, त्यांच्याशी मला काही देणंघेणं नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, कॅटलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि शेजारचं तान्हं मूल दचकून उठतं. ज्या गाडीचा थ्रॉटल केबलवर चालतो, तिला बाहेरून फक्त वरच्या गिअरचा क्विकशिफ्टर सहजी मिळतो, खालच्याची आशा धरू नये. वायरिंगला हात लावल्यावर वॉरंटीचं काय होतं, तेही आधी लेखी विचारून घ्यावं. आणि टायर गुळगुळीत झालेले असतील तर हे पैसे आधी टायरला जावेत.

बारामतीत बनणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ वर क्विकशिफ्टर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे, अशी ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. इतक्या तयारीच्या गाडीवर तो कारखान्यातूनच असायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. तसा मिळाला तर दांडीची लांबी, खंडाची वेळ, वायरचा मार्ग हे सगळं इंजिन बनवणाऱ्यांनीच जुळवलेलं असतं. पर्याय म्हणून ठेवलेली वस्तू पैसे वाचवू पाहणारा पोरगा शेवटी नाक्यावरच्या टपरीत बसवून घेतो, आणि मग वर्षभराने त्या गिअरचे गोल झालेले डॉग कुणाच्या तरी बाकड्यावर येऊन पडतात.