‘मेरिट’वाल्यांनी फ्रीडम हाऊसचा इतिहास वाचावा

आरक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास फेकला जातो: “तुमच्या बापाला हार्ट अटॅक आला तर कोटावाला डॉक्टर चालेल का?” जणू आणीबाणीत हात न थरथरणे ही विशिष्ट जातीत जन्मताच मिळणारी देणगी आहे!

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये १९६० च्या दशकात रुग्णाला बहुतेक वेळा पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. वाटेत उपचार शून्य. काळ्यांच्या हिल वस्तीत तर गाडी वेळेवर येईल याचीही खात्री नव्हती. तेव्हा सीपीआर विकसित करणाऱ्यांपैकी एक डॉ. पीटर सफर आणि फ्रीडम हाऊस ही संस्था एकत्र आली. त्यांनी वस्तीतलेच बेरोजगार काळे तरुण घेतले. काहींचे हायस्कूलही पूर्ण नव्हते. समाजाने ‘बिनकामाचे’ ठरवलेल्या या पोरांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण मिळाले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन आल्या. त्या स्वतः गाडीतून फिरायच्या, कॉल संपला की काय चुकले ते तिथल्या तिथे सांगायच्या. श्वासनलिकेत नळी घालण्याचे, तोवर डॉक्टरांचेच मानलेले काम ही पोरे रस्त्यावर करू लागली. कॅरोलाइन यांनी तयार केलेला अभ्यासक्रम नंतर देशभर नमुना ठरला.

आणि पोरांचे काय झाले? १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाऊस बंद पाडले. वरच्या जागा गोऱ्यांना गेल्या, आणि या अनुभवी लोकांपैकी बरेच हळूहळू बाहेर ढकलले गेले. ‘मेरिट’ असे चालते मित्रांनो.

आता आपल्याकडे या. आपत्कालीन प्रशिक्षणात जगभर एक गोष्ट शिकवतात: वरिष्ठ चुकत असेल तर कनिष्ठाने तिथेच बोलले पाहिजे. जिथे आडनाव आणि रँक विचारून माणसाची किंमत ठरते, तिथे “सर, डोस जास्त होतोय” असे कोण म्हणेल? २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. हा प्रश्न फक्त वसतिगृहाचा नाही, तो कॅज्युअल्टीतल्या रुग्णाच्या जिवाचाही आहे. आणि सरकारी कॅज्युअल्टीत येणारा रुग्ण बहुतेक वेळा आपलाच असतो.

म्हणून जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सरावाचे पुतळे किती आहेत? मागच्या वर्षी किती डॉक्टर, नर्स आणि वॉर्डबॉयना त्यांवर सराव दिला? तो ड्युटीच्या वेळेत, पगारी होता का? कंत्राटी कर्मचाऱ्यांना त्यात घेतले का? उत्तर आले की ते घेऊन अधिष्ठाता किंवा शल्यचिकित्सकाच्या दारात बसू.