सोडतीत नंबर लागला नाही म्हणजे मूल नापास नव्हे

पावसाळ्यातला ताप, दिवाळीनंतरचा खोकला, उन्हाळ्यातले जुलाब. करंज्यासारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला आजारांचे हे वेळापत्रक तोंडपाठ असते. अलीकडे त्यात आणखी एका ‘साथी’ची भर पडली आहे. खासगी शाळांतील पंचवीस टक्के मोफत जागांची सोडत निघाली, की पुढचे आठ-पंधरा दिवस डोकेदुखी, धडधड आणि झोप न येणे अशा तक्रारी घेऊन आई-बाप येऊ लागतात.

अशाच एका सोडतीनंतर मासळी विकणारी एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बालवाडीला निघताना रोज त्याचे पोट दुखे. ताप नाही, जुलाब नाहीत, तपासताना पोट मऊ. रविवारी मात्र दुखणे गायब! आईला बाहेर बसवून त्याला बोलते केले. खाली मान घालून तो म्हणाला, “मी नापास झालो. बाजूचा पास झाला.”

आईचा रक्तदाब पाहिला तर १७० वर १०४. गोळ्या महिनाभर बंद होत्या. का, असे विचारले तर म्हणाली, “डॉक्टर, पोराचा नंबर नाय लागला. आता फी भरायला पैसे नको जमवायला?”

वाचकहो, या प्रकरणात एक चूक माझीही होती. महिन्यापूर्वी बूस्टरचे इंजेक्शन देताना मीच त्या मुलाला गमतीने विचारले होते, “काय रे, कुठल्या शाळेत पास होणार?” आपण मोठी माणसे सहज बोलून जातो, मूल ते मनात धरून बसते.

मुळात ही परीक्षाच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. अल्पसंख्याक शाळांना यातून सूट आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की संगणकावर सोडत काढतात. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांवर आले होते. म्हणजे तिघांपैकी दोघांना ‘नाही’ हे उत्तर ठरलेलेच. त्यात मुलाच्या बुद्धीचा किंवा आईच्या मायेचा काय संबंध?

सोडत अन्यायाची आहे, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध फार थोडे होते. तेथील डॉक्टरांनी १०७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना फक्त विश्रांती. १९४८ साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ रुग्ण दगावले होते, दुसऱ्यातील १४. वस्तू अपुरी असताना चिठ्ठी हीच प्रामाणिक वाटणी, यात शंका नाही. पण औषध गुणकारी ठरल्यावर कोणी वर्षानुवर्षे चिठ्ठ्या काढत बसले नाही. औषध जास्त बनवले आणि गावोगावी पोहोचवले.

शाळेच्या बाबतीत आपण चिठ्ठीपाशीच थांबलो आहोत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. तोपर्यंत जूनमध्ये शाळा भरल्या आणि पालक यादीची वाट पाहत राहिले. जवळची जिल्हा परिषदेची शाळा पुरेशी आहे, असे सरकारला खरोखर वाटत असेल, तर तिथे पुरेसे शिक्षक, पाणी आणि स्वच्छतागृह देऊन ते दाखवावे. तिची गुणवत्ता वाढली तर निम्म्या आई-बापांची झोप आपोआप परत येईल. मी स्वतः जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलो. तिथे शिकून डॉक्टर होता येते, पण त्यासाठी वर्गात गुरुजी हजर असावे लागतात.

तोवर पालकांनी एवढे करावे :

१) मुलासमोर ‘पास’, ‘नापास’, ‘नशीब फुटके’ हे शब्द उच्चारू नयेत. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच.

२) जन्म, पत्ता, जात किंवा एक लाखाच्या आतील उत्पन्न यांपैकी लागणारे दाखले अर्जाच्या तारखेआधीच तयार ठेवावेत. शेवटच्या दिवसाची धावपळ रक्तदाबाला चांगली नाही.

३) केवळ मोबाईलवरच्या संदेशावर विसंबू नये. संकेतस्थळावर निवड यादी व प्रतीक्षा यादी स्वतः पाहावी आणि पडताळणीची तारीख चुकवू नये.

४) पैसे घेऊन नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

५) फीसाठी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कधीही बंद करू नये. परवडत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. स्वस्त पर्याय असतात, सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळतात.

त्या मुलापुढे मी पाच चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर त्याचे नाव, बाकीच्यांवर त्याच्या मित्रांची. उचल म्हटले. पहिल्यांदा मित्राचे नाव आले, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याचे आले. “यात तू कुठला अभ्यास केलास?” मी विचारले. तो खुदकन हसला. पोटदुखी जायला त्यानंतरही दोन आठवडे लागले. जूनमध्ये तो गावच्या शाळेत गेला. आईच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. आता तिचा रक्तदाब मी दर महिन्याला पाहतो आणि मुलाला ‘आज शाळेत काय खेळलास?’ एवढेच विचारतो.