घोडीचे पाय आणि मामांचा हिशेब

गेल्या दिवाळीत निपाणीजवळच्या आमच्या आजोळी एक घोडी आली. रेसमधून काढलेली, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा चांद. मामांनी ती जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीसाठी स्वस्तात घेतली. दोनदा गाडीला जुंपली आणि दोन्ही वेळा तिचे गुडघे सुजले. तेव्हापासून मामा म्हणतात, "धावत नाही तर न धावो, शिंगरू तरी देईल." माझा आक्षेप आहे तो या 'तरी'वर.

घोडी घेताना मामांनी भोवरे तपासले होते, दात पाहिले होते. नाल ठोकायला आलेला म्हातारा नालबंद मात्र तिला बाजूने पाहून एवढेच म्हणाला, "मदल काल नोड्री." आधी पाय बघा! बाजूने पाहिले तर तिच्या पुढच्या पायाचा गुडघा सरळ रेषेत नाही, मागे झुकलेला आहे. अशा घोड्याचे गुडघे भरधाव पळताना आणखी मागे दाबले जातात आणि आतल्या छोट्या हाडांच्या पुढच्या कडांवर ताण येऊन तिथे कपच्या उडतात. ही ठेवण पुष्कळदा वंशातून येते. शिंगरात ती उतरेलच असे नाही, पण निम्मा वाटा आईचा असतो.

"रक्त उत्तम आहे," हे मामांचे दुसरे उत्तर. अहो, ज्या रक्तातून वेग आला त्याच रक्तातून गुडघाही आला असेल! मामा तंबाखू पिकवतात. बियाण्यासाठी चार जोमदार झाडे राखायची आणि बाकीच्यांचे शेंडे खुडायचे, हे त्यांनीच मला शिकवले. खुरटे झाड त्यांनी कधी बियाण्याला ठेवलेले मी पाहिले नाही.

कोणी 'रिअल क्वाएट'चे उदाहरण देईल. गुडघ्यांतल्या दोषामुळे हा घोडा अवघ्या १७,००० डॉलरला विकला गेला आणि १९९८ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली. खरे आहे. पण तशाच गुडघ्यांचे जे घोडे मोडले, त्यांची नावे कोण लक्षात ठेवतो? दोष असूनही चार-पाच वर्षे धडधाकट धावलेली घोडी असती, तर मीही गप्प बसलो असतो. ही तिसऱ्या वर्षीच बाद झाली.

आता वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून थोडे आकडे मांडतो. गर्भ अकरा महिन्यांचा, पुढे शिंगरू गाडीला जुंपण्याजोगे व्हायला तीन वर्षे. म्हणजे चार वर्षांचा चारा, चणे, नाल आणि डॉक्टर. शिवाय नर गावठी असल्याने शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होणार नाही, रेसकोर्सचे दार बंदच. घोडीवर बुडालेले पैसे ते कुठून भरून काढणार? आणि गुडघे आईवर गेले, तर जत्रेच्या गर्दीत चाबूक कोणाच्या पाठीवर पडेल?

हे सारे मी एका कागदावर लिहून मामांना दिले. त्यांनी तो वाचला, घडी घालून कॅलेंडरच्या मागे खोचला आणि म्हणाले, "बघू, उन्हाळ्यात."