टोल दर एप्रिलला वाढतो, कंपन्यांचा दंड का नाही?

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
यांस



१ एप्रिल जवळ आला की राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलचे नवे दर जाहीर होतात. त्यासाठी दर वर्षी नव्याने चर्चा करावी लागत नाही, कारण २००८ च्या नियमांतच सूत्र बांधून दिलेलं आहे: मूळ दरावर वर्षाला ३ टक्के, आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकात जी वाढ झाली असेल तिचा ४० टक्के हिस्सा. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे ही वाढ दोन महिने लांबली, पण जूनमध्ये झालीच. महामार्ग बांधणाऱ्या ठेकेदाराच्या करारातही भाववाढीचं कलम असतं. सिमेंट, पोलाद, डांबर, डिझेल महागलं की त्याचं बिल त्या प्रमाणात वाढवून मिळतं. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता तर वर्षातून दोनदा निर्देशांकाला जोडून बदलतो.

मोटार वाहन कायद्यातही हाच १ एप्रिल आहे. २०१९ ची दुरुस्ती तुम्ही मोठा विरोध अंगावर घेऊन संसदेत मंजूर करून घेतली. तिच्यात कलम १९९-ब आहे. कायद्यातले दंड दर वर्षी १ एप्रिलला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येतील आणि ती वाढ केंद्र सरकारने अधिसूचना काढून करायची, असं ते कलम सांगतं. तरीही ओव्हरलोडचा २०,००० रुपयांचा दंड आजही २०,०००च आहे. परमिटच्या अटी मोडल्याचे १०,००० आजही १०,०००च आहेत. मधल्या काळात किरकोळ बाजारातल्या किमती ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाने वाढल्या. म्हणजे २०१९ मध्ये संसदेने जेवढा दंड ठरवला, त्याच्या जेमतेम पाऊणपट दंड आज प्रत्यक्षात लागतो. उरलेला दंड माफ करा असा ठराव कुठल्याही सभागृहाने केलेला नाही.

मी नागपूरजवळ वाडीत ट्रकमालकांचे हिशेब लिहिते. अमरावती रोडवरच्या या गावात ट्रान्सपोर्टची किती ऑफिसं आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या टेबलावर बिल्ट्या, डिझेलची बिलं, टोलच्या नोंदी, काट्याच्या पावत्या येतात. फेरीचा हिशेब लिहिताना ‘रस्ता खर्च’ या सदरात डिझेल, टोल, पंक्चर, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि चलन हे सगळं एकाखाली एक येतं. चलन तिथे डिझेलसारखाच एक खर्च होऊन बसलेलं असतं. ते तसं का बसतं, हे एका साध्या गणितातून दिसेल.

दहा चाकी गाडी घ्या. २०१८ च्या बदलानंतर तिचं पासिंग मालासकट साडेअठ्ठावीस टन. तिच्यात ५ टन माल जास्त भरला आणि गाडी पकडली गेली, तर कलम १९४ प्रमाणे २०,००० अधिक टनामागे २,००० असा ३०,००० रुपये दंड होतो. आता भाडं टनाला दीड हजार धरू. जास्तीच्या ५ टनांचे साडेसात हजार मिळाले, त्यातून जादा डिझेल आणि टायरची झीज यांचे दीड हजार गेले, सहा हजार उरले. पाच फेऱ्यांत एकदा गाडी पकडली गेली तर मिळवलेलं सगळं दंडात जातं आणि मालक विचार करतो की कशाला ही उठाठेव. पुढे महागाईबरोबर भाडं टनाला दोन हजार झालं. खर्चही वाढला, तो दोन हजार धरू. प्रत्येक फेरीला आठ हजार उरतात, पाच फेऱ्यांचे चाळीस हजार होतात आणि दंड मात्र तीसच हजार. कायदा तोच, काटा तोच, इन्स्पेक्टर तोच. तरीसुद्धा आता नियम मोडून मालक दहा हजारांनी नफ्यात असतो.

आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची दिशा रोजची आहे. मोठ्या कंपनीकडे पन्नास-शंभर गाड्या असतात, आणि तिचा मॅनेजर हा हिशेब तोंडी करतो. कायद्याप्रमाणे जास्तीचा माल जागेवर उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नसते. तो उतरवल्याची हमाली रस्ता खर्चात लिहिलेली मला फार क्वचित आढळते. राहतो तो दंड, आणि त्याचाच धाक कमी होत चालला आहे.

या ओव्हरलोडची किंमत शेवटी तुमच्या रस्त्यांना मोजावी लागते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ते-अभियंते वापरतात: रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक्सलवर २० टक्के वजन जास्त झालं की झीज जवळपास दुप्पट. ते नुकसान भरून काढायला लागणारं डांबर आजच्या भावाने येतं.

आता हा दंड भरतो कोण, तेही पाहा. मागे एकदा एक ड्रायव्हर घडी पडलेलं चलन घेऊन माझ्या टेबलाशी उभा होता. माल कंपनीच्या गोदामात भरला गेला होता, किती भरायचा हे पाठवणाऱ्याने ठरवलं होतं, आणि गाडी हलवायला मालकाने फोनवर सांगितलं होतं. चलनाची रक्कम मात्र ‘ड्रायव्हरच्या उचलीत टाका’ असा निरोप मला आला. त्याच्या खात्यात आधीच्या सणाची उचल फिटायची होती, तिच्याखाली ही रक्कम चढली. तो काही बोलला नाही. फक्त दर महिन्याला किती कापणार, एवढं विचारलं.

म्हणूनच दंड महागाईशी जोडा म्हणताना मी सरसकट सगळे दंड वाढवा असं म्हणत नाही. हेल्मेट न घातलेल्या पोराचा, सिग्नल चुकलेल्या रिक्षावाल्याचा दंड दर वर्षी वाढलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. माझा आग्रह धंद्यातल्या दंडांबद्दल आहे. कायदा चालकाइतकाच गाडी चालवायला लावणाऱ्यालाही जबाबदार धरतो. कलम ११३ मध्ये तर असं आहे की जास्त वजनाची गाडी मालक स्वतः चालवत नसला, तरी ती त्याच्या माहितीने किंवा हुकमाने चालली असं कोर्ट गृहीत धरू शकतं. कलम १९९ कंपन्यांनी केलेल्या गुन्ह्यांसाठीच आहे. ही कलमं जागी करा, दंडाचं चलन मालकाच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या नावाने निघू द्या, आणि त्याची रक्कम निर्देशांकाला बांधा. ड्रायव्हरच्या पगारातून ती कापण्यावर स्पष्ट बंदी घाला.

वाहनं बनवणाऱ्यांचं आणि रस्ते बांधणाऱ्यांचंही तसंच. नियमांत न बसणारी गाडी विकली तर कलम १८२-अ प्रमाणे गाडीमागे एक लाख दंड आहे. लायसन्सशिवाय चालणाऱ्या अॅपवाल्या टॅक्सी कंपनीला कलम १९३ प्रमाणे पंचवीस हजार ते एक लाख. आणि कलम १९८-अ तर मला सगळ्यांत जास्त टोचतं. रस्त्याचं डिझाइन, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नव्हती आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार ठेकेदाराला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड. याच ठेकेदाराच्या बिलात डांबराची भाववाढ धरली जाते. त्याच्या निष्काळजीपणाने गेलेल्या जिवासाठीचा आकडा मात्र २०१९ चाच आहे.

दंड असे अनेक वर्षं गोठले की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. १९८८ चा कायदा १९८९ मध्ये लागू झाला तेव्हा कलम १७७ चा साधा दंड १०० रुपये होता. तो तीस वर्षं १०० रुपयेच राहिला. एवढ्या काळात किमती आठपटीहून अधिक वाढल्या. २०१९ मध्ये तो ५०० केला, तेव्हा पाचपट वाढ म्हणून देशभर ओरड झाली, पण खऱ्या किमतीत तो १९८९ च्या दंडाहून कमीच होता. गुजरातने लगेच रकमा उतरवल्या. आपल्या महाराष्ट्रातून तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचारासाठी तुम्हालाच पत्र लिहिलं, आणि नवे दर इथे लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. तीस वर्षांची वाढ एका दिवसात लादली की लोकांना ती अन्याय वाटते, राज्य सरकारं कचरतात, आणि चांगला कायदा दोन-दोन वर्षं अडतो. तीच वाढ दर वर्षी पाच-सहा टक्क्यांनी होत गेली असती तर टोलवाढीइतकीही तिची बातमी झाली नसती.

अमेरिकेने ही वाट आपल्या आधी चालून पाहिली आहे. तिथे दंड महागाईशी जोडण्याचा कायदा १९९० चा. १९९६ मध्ये किमान चार वर्षांतून एकदा वाढ सक्तीची केली, पण पहिल्या वाढीला १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे जे दंड खूप मागे पडले होते ते मागेच राहिले. २०१५ मध्ये कायदा पुन्हा बदलला: आधी साचलेली तूट एकदाच भरून काढायची, आणि पुढे दर वर्षी १५ जानेवारीच्या आत ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ करायची. रेल्वे, विमान, ट्रक, पाइपलाइन अशा सगळ्या कंपन्यांचे दंड परिवहन खातं या नियमाने बदलतं. वाढ करायची की नाही, हा प्रश्न मंत्र्याच्या टेबलावर येऊ नये हाच त्या कायद्याचा हेतू. आपल्या १९९-ब मध्ये १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण निर्देशांकाचं नाव नाही, आणि वाढ अधिसूचनेवर सोडलेली आहे. याच दोन जागी ते कलम लंगडं पडतं.

गोठलेल्या रकमा महागाईत निरुपयोगी होतात, हे आपल्याकडे न्यायालयांनीही सांगितलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात अपघाताच्या भरपाईचं दुसरं परिशिष्ट १९९४ मध्ये आलं. राहणीमानाचा खर्च पाहून ते बदलण्याचा अधिकार सरकारला कलम १६३-अ मध्येच दिलेला होता. तो वर्षानुवर्षं वापरला गेला नाही, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुट्टम्मा खटल्यात म्हणावं लागलं की महागाईमुळे हे परिशिष्ट निरुपयोगी झालं आहे. मे २०१८ मध्ये तुमच्या मंत्रालयाने ते सुधारलं: मृत्यूसाठी पाच लाख, आणि जानेवारी २०१९ पासून दर वर्षी ५ टक्के वाढ. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढच्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं, कलम १६४ आलं, आणि त्यात पाच लाख राहिले पण दर वर्षीची ५ टक्के वाढ राहिली नाही. याउलट, २०१७ च्या प्रणय सेठी निकालात सुप्रीम कोर्टाने अंत्यसंस्काराच्या खर्चाचे १५,००० रुपयेसुद्धा दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतील असं ठरवून दिलं.

दंड वाढला की तोडपाणी वाढतं, ही हरकत मी रोज ऐकते, आणि ती खोटी नाही. तीस हजारांच्या चलनाऐवजी पाच हजारांत मिटवणारे दोन्ही बाजूंना भेटतात. पण आज महामार्गाच्या टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसले आहेत. फास्टॅगमुळे गाडीचा नंबर, वेळ, नाका सगळं नोंदलं जातं. ज्या नाक्यावर टोल वसूल होतो त्याच नाक्याच्या काट्यावरून ओव्हरलोडचं चलन मालकाच्या नावाने आपोआप निघालं, तर मध्ये हात पुढे करायला माणूसच उरत नाही. थकलेल्या चलनांची वसुली हा वेगळा आणि मोठा विषय आहे. एवढंच म्हणते की कंपनीच्या गाडीचं परमिट आणि फिटनेस नूतनीकरण चलन भरल्याशिवाय होऊ देऊ नये.

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत तुम्ही उघड कबूल केलंत की अपघातांचा विषय निघाला की आंतरराष्ट्रीय परिषदांत तोंड लपवावंसं वाटतं. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. असं स्पष्ट बोलणारा मंत्री विरळा, आणि हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारणही तेच आहे.

येत्या १ एप्रिलला टोलच्या नव्या दरांबरोबर कलम १९९-ब खालची अधिसूचनाही काढा. तिच्यात वजन, परमिट, वाहननिर्मिती, अॅपवाल्या कंपन्या आणि रस्त्याचा दर्जा यांचे दंड ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवा, १० टक्क्यांच्या मर्यादेत. २०१९ पासूनची तूट एका वर्षात भरणार नाही. ती किती वर्षांत भरायची, त्याचं वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर करा, म्हणजे ट्रकमालकांना भाडं ठरवताना ते आधीच माहीत असेल. पुढच्या अधिवेशनात १९९-ब मध्ये निर्देशांकाचं नाव घाला आणि अधिसूचना निघाली नाही तरी वाढ लागू होईल असं करा. आणि कलम १६४ च्या पाच लाखांना २०१८ ची ती ५ टक्क्यांची वाढ परत द्या, मधल्या वर्षांसकट.

आपली,
ट्रकमालकांचे हिशेब लिहिणारी एक नागरिक
वाडी, जि. नागपूर