घसारा कोणाच्या माथी?

हिशेबाच्या वहीतील 'घसारा' हा शब्द मूळचा कारखान्याच्या जगातला आहे. माग चालतो, लेथ फिरतो आणि चालता-फिरता झिजतो. या झिजेतूनच कापड निघते, सुटे भाग निघतात. उत्पादनासाठी यंत्राचा जो अंश खर्ची पडला, तो उत्पन्नातून वजा केल्याखेरीज खरा नफा कळत नाही. आणि नफा कळल्याखेरीज त्यावर कर किती आकारावयाचा हेही ठरत नाही. समाजवादी अर्थव्यवस्थेतही यंत्रे झिजणार आणि त्या झिजेची तरतूद करावी लागणार. तेव्हा घसाऱ्याच्या तत्त्वाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. हे तत्त्व आज कोणत्या वस्तूंना लावले जाते आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

दोन-तीन कोटींची, ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावू शकणारी मोटार ही अशीच एक वस्तू होय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, समृद्धी महामार्गावर १२०. म्हणजे जिच्यासाठी एवढी किंमत मोजली ती शक्ती वापरण्याची कायद्याने मुभाच नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिला याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. किमतीचा मोठा हिस्सा येथे प्रवासाचा नसून प्रतिष्ठेचा असतो, आणि प्रतिष्ठा नवेपणाला चिकटलेली असते. नवा नमुना बाजारात आला की जुन्याची प्रतिष्ठा ओसरते. शिवाय हमीची मुदत संपल्यावर कार्बन-सिरॅमिक ब्रेक, खास टायर आणि परदेशातून मागवावे लागणारे सुटे भाग यांचा खर्च पाहून दुसरा ग्राहक बिचकतो. लहान मोटारीचा उपयोग दुसऱ्या मालकाकडेही तेवढाच राहतो, म्हणून तिची किंमत बरीचशी टिकते. महागडी मोटार मात्र घसरगुंडीला लागते. विम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या परंपरागत कोष्टकात कोणत्याही मोटारीचे मूल्य पाच वर्षांत निम्म्यावर येते. वेगवान आलिशान मोटारीच्या बाबतीत बाजार बहुधा एवढाही धीर धरीत नाही.

हे सारे नुकसान मालकाने स्वतःच्या खिशातून सोसले असते, तर त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अशा कितीतरी मोटारी व्यक्तीच्या नावावर नसतात, कंपनीच्या नावावर असतात. नाव बदलताच उपभोगाची वस्तू 'भांडवली मालमत्ता' होते आणि हिशेब पालटतो.

एक सरळ उदाहरण घेऊ. एका कंपनीने दोन कोटी रुपयांची मोटार घेतली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत मोटारीला घटत्या मूल्यावर १५ टक्के घसारा ठरविला गेला. त्या दराने पहिल्या वर्षी ३० लाख, दुसऱ्या वर्षी साडेपंचवीस लाख, याप्रमाणे पाच वर्षांत १ कोटी ११ लाखांहून अधिक रक्कम नफ्यातून वजा होते. कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरत असेल, तर अधिभार व उपकर धरून हा दर २५ टक्क्यांच्या किंचित वर जातो. म्हणजे एकट्या घसाऱ्यापोटी सुमारे २८ लाखांचा कर वाचला. विमा, इंधन, टायर, दुरुस्ती आणि ड्रायव्हरचा पगार यांचा खर्च वर्षाला १२ लाख धरला, तर पाच वर्षांत त्यावरही सुमारे १५ लाखांचा कर वाचतो. एकूण ४३ लाख रुपये सरकारी तिजोरीत आले नाहीत. कर्जावरील व्याजाची वजावट यात धरलेलीच नाही. पुढे मोटार घटत्या मूल्याहून कमी भावात विकली, तर उरलेला फरक मालमत्तेच्या त्याच गटात राहतो आणि गटात दुसरी मालमत्ता असेपर्यंत त्यावर घसारा मिळत राहतो. मोटार गेली तरी तिचा घसारा मागे राहतो, असा हा प्रकार आहे.

खासगी वापराच्या प्रमाणात वजावट कमी करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण रविवारी खंडाळ्याला गेलेली मोटार धंद्याच्या कामासाठी गेली की हवापालटासाठी, याची नोंद कोण तपासणार? कंपनी ही कायद्याने निर्मिलेली व्यक्ती असल्यामुळे तिला 'खासगी वापर' संभवतच नाही, हा युक्तिवादही न्यायालयीन निवाड्यांत मान्य झालेला आहे. मग संचालकाला मिळालेल्या सोयीवर तरी पुरेसा कर बसतो काय? १९६२ च्या नियमांनुसार १.६ लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाची कंपनीची मोटार कामासाठी व खासगी अशी दोन्हीकडे वापरली, तर त्या सोयीचे मूल्य दीर्घकाळ दरमहा २४०० रुपये आणि ड्रायव्हरचे ९०० रुपये एवढेच धरले गेले. मोटार वीस लाखांची असो की पाच कोटींची, आकडा तोच! जर्मनीत खासगी वापराच्या सोयीचे मूल्य दरमहा मोटारीच्या मूळ किमतीच्या एक टक्का धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने दोन कोटींच्या मोटारीवर महिन्याला दोन लाख रुपये संचालकाच्या उत्पन्नात मिळवावे लागतील. दोन लाख आणि ३३०० रुपये यांमधील अंतर हे आपल्या करव्यवस्थेच्या वर्गीय दृष्टीचे माप आहे.

या व्यवस्थेतील विसंगती सरकारला ठाऊक नाही असेही नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्याने प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराचा परतावा बहुतेक व्यवसायांना नाकारला; कारण अशी मोटार उपभोगासाठी वापरली जाण्याचाच संभव अधिक. पण असा न परतणारा कर मोटारीच्या किमतीत मिळविला जातो आणि त्या वाढीव किमतीवर प्राप्तिकराचा कायदा घसारा देतो. एका कायद्याने पुढच्या दाराने अडविले, ते दुसऱ्या कायद्याने मागच्या दाराने आत घेतले. २०१९ मध्ये मोटारींचा खप मंदावला तेव्हा सरकारने याच मागच्या दाराची रुंदी वाढविली. २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेतलेल्या व वापरात आणलेल्या मोटारींचा घसारा १५ वरून ३० टक्के करण्यात आला. दोन कोटींच्या मोटारीवर पहिल्याच वर्षी साठ लाख! किमतीची कोणतीही मर्यादा त्या सवलतीला नव्हती.

हे सारे अटळ होते असे कोणी मानू नये. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर घेतलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीवर घसारा द्यावयाचा नाही, असा नियम याच देशात होता. पर्यटकांसाठी भाड्याने चालविलेल्या वा परदेशातील व्यवसायात वापरलेल्या मोटारींचाच काय तो अपवाद. हा नियम करणाऱ्या सरकारने चार महिन्यांत आणीबाणी लादली आणि समाजवाद्यांना तुरुंगात टाकले. तरीही नियम योग्य होता असे म्हटलेच पाहिजे. १ एप्रिल २००१ पासून घेतलेल्या मोटारींपुरता तो संपुष्टात आला. संपत्ती कराच्या जाळ्यात मोटारी येत असत, तो करही २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील २८ टक्के कर आणि त्यावरील १७ ते २२ टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के कर आला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात तेथील मोटारींवरील आयातशुल्क ठरावीक संख्येपुरते १० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे मान्य करण्यात आले. पावले सारी एकाच दिशेने पडत आहेत.

महाराष्ट्र राज्याची कथा निराळी नाही. येथे मोटार वाहन कराला कमाल मर्यादा आहे. ती मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वीस लाखांवरून तीस लाख करण्यात आली आणि त्याचे धाडस म्हणून कौतुकही झाले. पण दहा कोटींच्या मोटारीवर तीस लाख म्हणजे अवघे तीन टक्के. कामगाराच्या कर्जाऊ मोटारसायकलवर हाच कर दहा टक्के वा त्याहून अधिक असतो! आणि ज्याच्यापाशी मोटारसायकलही नाही, तो एसटीने जातो. त्या एसटीला तिकिटाच्या उत्पन्नातून साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे भरावा लागला आहे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचे कामगार संपावर होते, तेव्हा तिजोरीत पैसा नाही हेच उत्तर त्यांना वारंवार ऐकावे लागले. कारखान्याच्या दारात सामान पोचविणाऱ्या नोकरदाराच्या दुचाकीचा घसारा त्याच्या पगारातून कोणी वजा करीत नाही. त्याची झीज त्याचीच.

यावर नेहमीचे उत्तर असे की, आलिशान मोटारींवर जबर कर आहेत आणि चाकणसारख्या ठिकाणी त्यांच्या जुळणीतून रोजगार मिळतो. पहिला मुद्दा अंशतः खरा आहे. परंतु खरेदीच्या वेळी घेतलेला कर पुढे वजावटीच्या रूपाने काही अंशी परत द्यावयाचा असेल, तर त्याचा डांगोरा पिटण्यात अर्थ नाही. रोजगाराचे म्हणाल, तर सर्वांत वेगवान मोटारी परदेशातून तयारच येतात. आणि रोजगारच वाढवावयाचा असेल, तर बसगाड्या बांधण्याचे काम अधिक हातांना मिळेल आणि त्या बसगाड्या अधिक माणसांना वाहून नेतील.

भांडवलशाही देशांनीही येथे मर्यादा घातल्या आहेत. अमेरिकेने १९८४ मध्येच मोटारीवर दरवर्षी मिळणाऱ्या घसाऱ्याला कमाल रकमेचे बंधन घातले. सहा हजार पौंडांहून वजनदार वाहने मात्र त्यातून सुटली, धनिकांनी अवजड मोटारी घेण्याचा सपाटा लावला आणि २००४ मध्ये तेथेही अंशतः चाप लावावा लागला. ऑस्ट्रेलियात ठरावीक किमतीच्या वरच्या भागावर घसारा मिळतच नाही. म्हणजे मार्ग ठाऊक आहे; फट कोठे राहते तेही ठाऊक आहे.

डॉ. राममनोहर लोहियांनी सहा दशकांपूर्वी खर्चावर मर्यादा घालण्याची मागणी केली, तेव्हा तिची थट्टा झाली. निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर आलेला खर्चावरील करही दशकभरात गुंडाळला गेला. आजची मागणी त्याहून पुष्कळ माफक आहे. प्रवासी मोटारीच्या घसाऱ्याला किमतीची मर्यादा घालावी, आणि ती वजनावर वा इंजिनावर अवलंबून ठेवू नये. त्या मर्यादेवरील किमतीच्या प्रमाणात देखभालीचा व व्याजाचा खर्चही नाकारावा. कंपनीच्या मोटारीचे संचालकाच्या हातातील मूल्य तिच्या किमतीशी जोडावे. महाराष्ट्राने वाहन कराची कमाल मर्यादा काढून टाकावी आणि येणारी रक्कम एसटीच्या नव्या गाड्यांसाठी राखून ठेवावी. ज्याला तीनशेच्या वेगाची हौस आहे, त्याने ती खुशाल भागवावी. मात्र तिची झीज त्याने स्वतः सोसावी.

२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही घसाऱ्याची वजावट कायम ठेवली असल्याने ही मागणी जुनी झालेली नाही. अर्थसंकल्पावरील चर्चा ही तज्ज्ञांची मिरास आहे, असे समजून कार्यकर्ते तिच्यापासून दूर राहतात. ते बरोबर नाही. एसटीच्या थांब्यावर तासभर ताटकळणाऱ्या माणसाला घसारा या शब्दाचा अर्थ सांगितला, तर तो लगेच उमजेल. कारण दुसऱ्याच्या झिजेचे पैसे आजवर तोच भरत आला आहे.