दुरून दगड साजरे

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या कर्वेनगरांतील एका लहानशा सभागृहांत छायाचित्रांचें एक प्रदर्शन भरलें होतें. प्रदर्शनकर्ते गृहस्थ आमच्या जुन्या परिचयाचे. त्यांचा हात कुशल आहे व दृष्टि रसिक आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे पुढील टीका व्यक्तीवर नसून विचारावर आहे, हें वाचकांच्या ध्यानांत राहील. हे गृहस्थ इंग्लंडमधील जुन्या दगडी गांवांतून सहा आठवडे हिंडून आले. बाथ शहर, कॉट्सवोल्डच्या टेंकड्यांमधील बर्फर्ड व बायबरी, विल्टशर परगण्यांतील लॅकॉक, अशा ठिकाणचीं चाळीसेक चित्रें भिंतींवर लावलेलीं होतीं. मधाच्या रंगाचा तो दगड, पावसानें नुकतीच धुतलेली ती फरसबंदी, शेंकडों वर्षांच्या पावलांनीं झिजलेल्या त्या पायऱ्या पाहून आमचेंहि मन क्षणभर हरपलें. प्रत्येक चित्राखालीं त्यांनीं आपलें प्रवासचिंतन छापून लावलें होतें. तें वाचूं लागलों आणि हरपलेलें मन तत्काळ ठिकाणावर आलें.

त्या चिंतनाचें सार दोन विधानांत सांगतां येईल. पहिलें असें कीं, इंग्रज मनुष्याला भूतकाळाचें प्रेम उपजतच असतें, म्हणून त्याचीं गांवें टिकलीं. आपणांस तें नाहीं, म्हणून आपले वाडे पडले. दुसरें असें कीं, जें पडणारच आहे तें कॅमेऱ्यानें टिपून अमर करावें, एवढेंच छायाचित्रकाराचें कर्तव्य. त्यापलीकडे त्याच्यावर कसलीहि जबाबदारी नाहीं. आमच्या मतें यांतील पहिलें विधान अर्धसत्य आहे आणि दुसरें पूर्ण असत्य आहे. तें ऐकावयास गोड लागतें व ऐकणाराची सदसद्विवेकबुद्धि निजवून टाकतें, म्हणून त्याचा समाचार घेणें अगत्याचें आहे.

सभागृहाच्या शेवटच्या भिंतीवर पुण्यांतील वाड्यांचीं पांच चित्रें होतीं. एकांत अर्धवट उघडा दिंडी दरवाजा. एकांत तुळशीवृंदावनावर पडलेला उन्हाचा कवडसा. पांचांखालीं मिळून शब्द तीनच: 'लोपत चाललेलें वैभव'. वाडा कोणाचा, पेठ कोणती, साल कोणतें, आंत कोण राहत होतें, याचा पत्ता नाहीं. लॅकॉकच्या एका खिडकीखालीं मात्र स्थळ, साल आणि मालकाचें नांव व्यवस्थित छापलेलें होतें!

आतां पहिलें विधान पाहूं. कॉट्सवोल्डचीं गांवें मध्ययुगांत लोंकरीच्या व्यापारावर गबर झालीं. तेथील टोलेजंग चर्चें त्याच पैशाचीं. पुढें यंत्रयुग आलें, लोंकरीचा धंदा उत्तरेकडे यॉर्कशरच्या गिरण्यांकडे गेला, आणि हीं गांवें मागें राहिलीं. जुनें पाडून नवें बांधावयास पैसाच नव्हता, म्हणून जुनें उभें राहिलें. त्यांचें पहिलें रक्षण दारिद्र्यानें केलें, प्रेमानें नव्हे. जेथें पैसा होता तेथें इंग्रजांनींहि पाडापाडींत कसूर केली नाहीं. १८७६ सालीं बर्फर्डच्या चर्चचा चाललेला जीर्णोद्धार पाहून विल्यम मॉरिस संतापला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्याचा नाश करूं नका, रोजच्या रोज डागडुजी करा, हा तिचा साधा उपदेश. प्रेम जर उपजतच होतें, तर हा उपदेश कोणास करावा लागला?

बाथचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. १९६० नंतरच्या दशकांत तेथील नगरपालिकेनेंच पुनर्रचनेच्या नांवाखालीं अठराव्या शतकांतील साधींसुधीं घरें शेंकडोंनीं पाडलीं. धनिकांचे अर्धवर्तुळाकार प्रासाद राखले. त्यांच्या मागच्या गल्ल्यांतील कारागिरांचीं घरें भुईसपाट केलीं. १९७३ सालीं अॅडम फर्ग्युसन यांनीं 'द सॅक ऑफ बाथ' हें पुस्तक लिहून या प्रकाराला वाचा फोडली. त्या पुस्तकांतहि छायाचित्रें आहेत. परंतु तीं शोभेसाठीं नाहींत, फिर्यादीसाठीं आहेत. तेव्हां कोठें पाडापाडीचा वेग ओसरला, आणि १९८७ सालीं तें शहर जागतिक वारशाच्या यादींत गेलें. आमच्या मित्रांनीं ज्या गल्लीचें चित्र काढलें ती गल्ली उपजत प्रेमानें राहिली नाहीं. भांडून राखली गेली.

आणि भांडण केवळ भावनेचें नव्हतें. तें कायद्यापर्यंत गेलें. १९४७ हें साल घ्या. त्या सालीं इंग्लंडांत नगररचनेचा जो कायदा झाला, त्यानें वास्तुदृष्ट्या वा इतिहासदृष्ट्या महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करण्याचें काम सरकारच्या अंगावर टाकलें. पुढें १९५३ च्या कायद्यानें अशा इमारतींच्या दुरुस्तीस सरकारी पैसा मिळूं लागला. त्याच १९४७ सालीं आपल्या मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण ठरलें. भाडेकरूला रस्त्यावर येऊं द्यावयाचें नाहीं हा त्यामागील हेतु स्तुत्यच होता, आणि गरीब भाडेकरूच्या माथीं वाड्याचें मरण मारण्याचा क्षुद्रपणा आम्ही करणार नाहीं. भाड्यावर नियंत्रण इंग्लंडांतहि होतें. परंतु तेथें त्याच्या जोडीला यादी होती, अनुदान होतें. येथें नुसतें गोठलेलें भाडें होतें. तो कायदा १९९९ च्या नव्या कायद्यानें जाईपर्यंत अर्धें शतक लोटलें. महिन्याकाठीं येणाऱ्या पांचपंचवीस रुपयांत मालकानें तुळई बदलावी कशी? पुढें आपल्याकडेहि वारसावास्तूंच्या याद्या झाल्या. परंतु यादींत नांव लागणें आणि छपराला कौल मिळणें, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. १९०४ व १९५८ चे आपले कायदे स्मारकांचे कैवारी. ज्या घरांत चूल पेटते त्या घराकडे त्यांचें लक्ष नाहीं.

आमच्या मित्रांची दगडाविषयींहि एक तक्रार आहे. आपला दगड काळा, तो उजेड पिऊन टाकतो; तिकडचा सोनेरी, तो उजेड परत देतो. तक्रार छायाचित्रकाराची म्हणून क्षम्य आहे. परंतु तिच्यांतून निघणारें अनुमान क्षम्य नाहीं. तिकडचा दगड समुद्रतळाशीं सांचलेल्या चुन्याचा, आपला ज्वालामुखीच्या रसाचा; दोघेहि मनुष्याहून कोट्यवधि वर्षांनीं वडील आहेत आणि घर टिकविण्याचें काम दोघांनींहि पत्करलेलें नाहीं. पुण्याच्या वाड्याचें जोतें तेवढें काळ्या पाषाणाचें. त्यावर सागवानी खांब, तुळया, कडीपाट, भिंती विटामातीच्या, वर चुन्याचा गिलावा व कौलें. अशा घराला दर वैशाखांत कौलें चाळणारा लागतो, गिलाव्याला पडलेली भेग त्याच वर्षीं बुजविणारा लागतो, वाळवी कोठें लागली हें खांबावर टिचकी मारून ओळखणारा लागतो. ही निगा एक पिढी चुकली कीं वाडा खचतो. मग १९६१ च्या पानशेतच्या पुरासारखा एखादा लोंढा येतो आणि नदीकांठच्या पेठांतून उरलेला हिशोब पुरा करतो. शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला. उरला तो दगड, आणि जो तो त्याच्या दिल्ली दरवाजाचें चित्र काढतो. राहतें घर होतें तें गेलें.

याच्या उलट पुरावा पाहावयास कर्वेनगरच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. पूर्वीं या गांवाला हिंगणें म्हणत. अण्णासाहेब कर्व्यांनीं १९०० सालीं येथें विधवांच्या आश्रमासाठीं एक झोंपडी उभारली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते पुण्याहून चिखल तुडवीत येथें येत. ती झोंपडी संस्थेच्या आवारांत आजहि जपलेली आहे. मातीकुडाची वस्तु शतकाहून अधिक काळ जपली जाते आणि चार चौकी दगडी जोत्यांचे वाडे तेवढ्याच काळांत नाहींसे होतात, याचा अर्थ काय? टिकाऊपणा दगडांत नसतो. तो निगा राखणाऱ्या माणसांत असतो, आणि आपल्या लोकांना तो मुळींच साधत नाहीं हें म्हणणें खोटें आहे.

आतां दुसरें विधान: चित्र काढलें म्हणजे वस्तु अमर झाली. अजिंठ्याची कथा आपल्या घरचीच आहे. मेजर रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरांत क्रिस्टल पॅलेसच्या आगींत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. मग ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थी यांनीं पुन्हां प्रतिकृति केल्या. त्यांतीलहि पुष्कळ १८८५ सालीं तिकडेच आगींत गेल्या. नक्कल दोनदां जळाली. मूळ भिंत, खपल्या पडत कां होईना, जागेवर आहे. नक्कल मुळाची जागा घेऊं शकते असें मानणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें.

छायाचित्र निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. तें कशासाठीं जन्मलें हें आपण विसरलों, एवढेंच म्हणणें आहे. ज्या लॅकॉकच्या खिडकीसमोर आमचे मित्र तिपाई रोवून उभे राहिले, तीच खिडकी फॉक्स टाल्बटनें १८३५ च्या ऑगस्टमध्यें कागदावर उतरविली. आज शिल्लक असलेला सर्वांत जुना छायाचित्राचा ऋणठसा तो हाच. आकारानें तो टपालाच्या तिकिटाएवढा. टाल्बटनें त्याशेजारीं सौंदर्याविषयीं कांहीं लिहिलें नाहीं. प्रथम काढला तेव्हां भिंगाच्या साहाय्यानें खिडकीच्या सुमारें दोनशें कांचा मोजतां येत, असें लिहून ठेवलें. या कलेचें पहिलें कौतुक मोजणीचें होतें. आपल्याकडेहि मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षीं मुंबई सरकारनें थॉमस बिग्ज याला प्राचीन वास्तूंचीं चित्रें काढण्यास नेमलें. त्याच्या चित्रांना स्थळ होतें, नांव होतें. ज्यांच्यावर परकेपणाचा ठपका आपण ठेवतों, त्यांनीं आपल्या देवळांचीं नांवें लिहून घेतलीं. आपण आपल्याच घरांवर 'लोपत चाललेलें वैभव' एवढी चिठ्ठी चिकटवून मोकळे होतों.

येथें कोणी विचारील कीं, हें सांगण्याचा तुम्हांला अधिकार काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर लाजिरवाणें आहे. आमचाहि एका जुन्या पेठेंत वाडा होता. आम्हां भावंडांपैकीं कोणीच तेथें राहावयास तयार नव्हतें. पोटमाळा गळत होता. दुरुस्तीचा आंकडा ऐकून सर्वांनीं माना खालीं घातल्या. शेवटीं कागदांवर सह्या झाल्या. त्यांत आमची सही पहिली होती. पाडण्यापूर्वीं बांधकाम करणाऱ्या गृहस्थांनीं एक चांगला छायाचित्रकार आणला. त्यानें काढलेलें दिंडी दरवाजाचें मोठें चित्र नव्या इमारतींत लिफ्टच्या दाराशेजारीं चौकटींत लावलेलें आहे. येणारे जाणारे तें पाहून हळहळतात आणि बटण दाबून वर जातात. आम्हीहि हळहळलों आणि आपल्यावरचें ऋण फिटलें असें मानून बसलों. चित्रानें आमचें सांत्वन केलें, हाच त्या चित्राचा अपराध. सही करतांना हात थरथरावयास हवा होता. चित्र निघणार आहे या विचारानें तो स्थिर राहिला.

म्हणून आमचें छायाचित्रकारांस सांगणें आहे कीं, हळहळ विकूं नका. ज्या वाड्यासमोर तिपाई रोवाल, त्याची पेठ, साल, चौकांची व खणांची संख्या, आंत राहणाऱ्यांचे धंदे लिहून घ्या. कोरीव कमानीबरोबर कुजलेली तुळईहि दाखवा. आणि पाडण्याची नोटीस लागण्यापूर्वीं तें चित्र नगरपालिकेच्या, वर्तमानपत्रांच्या आणि मालकाच्याहि पुढें ठेवा. मग तें साक्ष होईल. इंग्लंडला अवश्य जा. परंतु तेथील भिंत पाहून येतांना ती कोणीं, कोणत्या भांडणानें राखली, हेंहि विचारून या. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे दगडहि दिसतात. जवळ गेल्यावर त्यांच्या मागचा खर्च दिसतो.

प्रदर्शनाहून घरीं आल्यावर आम्हीं आमच्याकडची त्या दरवाजाची प्रत काढली आणि तिच्या पाठीवर आठवेल तें लिहावयास बसलों. पेठ लिहिली, गल्ली लिहिली, चौक दोन असें लिहिलें. पश्चिमेच्या सोप्याचे खण चार कीं पांच, हें कांहीं केल्या आठवेना. चित्रांत तो भाग आलेलाच नाहीं. दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंकडे जाऊन विचारलें. त्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. पांच, असें त्या म्हणाल्या, आणि कोणत्या खणांत कोण निजत असे तें त्यांनीं बोटांवर मोजून सांगितलें. आम्हीं तें तसेंच्या तसें उतरून घेतलें आहे. वाडा असतांना हा प्रश्न आम्हीं त्यांना एकदांहि विचारला नव्हता.